भांडण दोन मालकांचे, माणूस मात्र मुद्देमाल

मे २०२५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने सहा वर्षे चाललेला एक खटला तडजोडीने मिटवला. वाद जुन्या छायाचित्रांचा होता. १८५० साली दक्षिण कॅरोलायना राज्यातील कोलंबिया शहरात जोसेफ झीली यांच्या स्टुडिओत गुलामीत असलेल्या काही स्त्री-पुरुषांना आणले गेले, त्यांचे कपडे उतरवले गेले आणि पुढून, बाजूने त्यांची छायाचित्रे घेतली गेली. ती काढून घेणारे होते हार्वर्डचे नामांकित प्राध्यापक लुई अगासी. गोरे आणि काळे हे मुळात एका उगमाचे नाहीत, असा त्यांचा दावा होता आणि त्यासाठी त्यांना 'पुरावा' हवा होता. त्या छायाचित्रांत रेंटी नावाचा माणूस आहे आणि त्याची मुलगी डेलिया आहे. ही छायाचित्रे १९७६ मध्ये हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाच्या पोटमाळ्यावर सापडली.

तमारा लेनियर या कृष्णवर्णीय महिलेने २०१९ मध्ये कोर्टात धाव घेतली. रेंटी हे आपले पूर्वज आहेत, त्यांची संमती कोणी घेतली नव्हती, गुलामीत असल्यामुळे ती देण्याचा अधिकारही त्यांना नव्हता, म्हणून ही छायाचित्रे हार्वर्डची नसून कुटुंबाची आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या जुन्या कृत्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. लेनियर यांना विद्यापीठाने जी वागणूक दिली त्याबद्दल मानसिक त्रासाचा दावा त्या चालवू शकतात, असेही सांगितले. पण मालकीचा दावा मात्र फेटाळला. छायाचित्र हे काढणाऱ्याचे असते, ज्याचे काढले त्याचे नसते, हा नेहमीचा नियम न्यायालयाने इथेही लावला. अखेर २०२५ च्या तडजोडीत ही छायाचित्रे दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथील इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियमकडे द्यायचे ठरले.

आंबेडकरी तरुणांनी ही बातमी नीट वाचावी असे आम्हाला वाटते. छायाचित्र काढून १७५ वर्षे झाली, गुलामी संपून १६० वर्षे झाली, तरी कोर्टासमोरचा प्रश्न तोच राहिला : मालक कोण? अमेरिकेतील गुलामी म्हटले की आपल्यासमोर चाबूक, साखळदंड आणि कापसाचे मळे येतात. ते सगळे खरेच आहे. पण ही व्यवस्था अडीचशे वर्षांच्या आसपास टिकली ती केवळ चाबकावर नाही. ती खरेदीखतावर, भाडेकरारावर, मृत्युपत्रावर आणि कोर्टाच्या निकालांवर टिकली. त्या निकालांचा अभ्यास आपल्या चळवळीला का उपयोगी आहे, हे या लेखात आम्ही मांडत आहोत.

सदोष माल आणि परतीची मुदत

१८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत ३९ लाख ५० हजारांहून अधिक माणसे गुलामीत होती. कायद्याच्या दृष्टीने ती मालमत्ता होती. मालमत्ता म्हटली की ती विकली जाते, भाड्याने दिली जाते, गहाण पडते, वारसांत वाटली जाते, कर्जापोटी जप्त होते. आणि यातल्या प्रत्येक व्यवहारात भांडण होते. त्यामुळे दक्षिणेकडील राज्यांच्या कोर्टांत गुलामांवरून चाललेले हजारो दावे दाखल झाले. त्यातले बहुतेक कोणत्याही मोठ्या तत्त्वाबद्दल नव्हते. ते पैशाबद्दल होते.

लुइझियानाचे उदाहरण घ्या. न्यू ऑर्लीन्स हा त्या काळचा देशातला सर्वांत मोठा गुलामांचा बाजार. लुइझियानाच्या दिवाणी संहितेत ग्राहकाला संरक्षण होते. विकत घेतलेल्या माणसात लपवलेला दोष निघाला, तर एक वर्षाच्या आत दावा करून व्यवहार रद्द करता येत असे. दोषांची यादी कायद्यातच होती. शरीराचे दोष म्हणजे कुष्ठरोग, वेड आणि अपस्मार. स्वभावाच्या दोषांत चोरीची सवय आणि पळून जाण्याची सवय येत असे. म्हणजे स्वातंत्र्याची ओढ हा मालातला दोष होता! विकत घेतलेली बाई खोकत होती का, विकणाऱ्याला ते माहीत होते का, यावर डॉक्टर साक्ष देत, व्यापारी साक्ष देत, शेजारी साक्ष देत. जिच्याबद्दल हे सगळे चालले होते ती मात्र साक्ष देऊ शकत नव्हती. गोऱ्या माणसाविरुद्ध गुलामाची साक्ष दक्षिणेतल्या कोर्टात चालत नसे.

हा साक्षीचा नियम किती दूरवर जात होता ते सॉलोमन नॉर्थप यांच्या प्रकरणात दिसते. ते न्यूयॉर्क राज्यातले जन्माने स्वतंत्र असलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. १८४१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्यांचे अपहरण करून त्यांना लुइझियानात विकले गेले. बारा वर्षांनी, जानेवारी १८५३ मध्ये, ते सुटले आणि ज्या व्यापाऱ्याने त्यांना विकले त्याच्यावर त्यांनी वॉशिंग्टनमध्ये फिर्याद केली. कृष्णवर्णीय असल्यामुळे तिथल्या कोर्टाने त्यांची साक्षच घेतली नाही. व्यापारी सुटला. गुन्हा ज्याच्या अंगावर घडला, त्याचेच तोंड कायद्याने बंद केलेले होते.

भाड्याने दिलेली लिडिया

दुसरा प्रकार भाडेकराराचा. मालक आपल्या ताब्यातली माणसे वर्षाच्या करारावर दुसऱ्याला देत. उत्तर कॅरोलायनात एलिझाबेथ जोन्स यांच्या मालकीची लिडिया नावाची स्त्री जॉन मॅन नावाच्या माणसाकडे अशीच एका वर्षासाठी दिलेली होती. किरकोळ कारणावरून तो तिला मारत असताना ती पळाली. त्याने थांबायला सांगितले, ती थांबली नाही. त्याने मागून गोळी झाडली आणि ती जखमी झाली. स्थानिक ज्यूरीने, म्हणजे गोऱ्या पुरुषांनीच, मॅनला दोषी ठरवले. कारण तो मालक नव्हता, फक्त भाड्याने घेणारा होता.

मॅनने अपील केले. १८२९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती थॉमस रफिन यांच्या लेखणीतून निकाल दिला आणि शिक्षा रद्द केली. रफिन यांचे म्हणणे थोडक्यात असे : गुलामाची शरणागती पूर्ण हवी असेल तर धन्याची सत्ताही पूर्ण हवी, आणि भाड्याने घेणारा हा त्या काळापुरता धनीच असतो. हे कठोर आहे, माणूस म्हणून मन त्याला विरोध करते, असेही त्यांनी त्याच निकालात लिहून ठेवले. पण न्यायाधीश म्हणून आपल्याला दुसरा मार्ग नाही, असे म्हणून सही केली.

या निकालातली एक गोष्ट सहसा सुटते. मॅनवर फौजदारी गुन्हा होत नाही, पण मालकिणीचे नुकसान झाले असेल तर ती त्याच्यावर दिवाणी दावा करू शकते, हा मार्ग न्यायालयाने मोकळा ठेवला. म्हणजे जखम लिडियाच्या शरीराला झाली, भरपाईचा हक्क मात्र मालकिणीला. हाच हिशेब इतर राज्यांतही चालत होता. जॉर्जियात १८५३ मध्ये बोटीवर भाड्याने घेतलेला एक माणूस पाण्यात अडकलेले ओंडके काढताना बुडून मेला. कोर्टात प्रश्न आला तो इतकाच, की हे काम करारात होते का, आणि त्याची किंमत मालकाला कोण देणार. त्याच्या मागे बायको होती का, मुले होती का, हा प्रश्न कोर्टापुढे उभाच राहू शकत नव्हता.

तिसरा प्रकार वारसाहक्काचा. मिसिसिपीतल्या इलिशा ब्रेझील नावाच्या मळेवाल्याला आपल्या ताब्यातल्या एका स्त्रीपासून जॉन मन्रो नावाचा मुलगा झाला. त्याने दोघांना ओहायो या गुलामीबंदी असलेल्या राज्यात नेले, तिथे मुक्तीचा कागद केला आणि सगळे परत मिसिसिपीत आले. मरताना त्याने मालमत्ता मुलाच्या नावे केली. नातेवाईक कोर्टात गेले. १८३८ मध्ये मिसिसिपीच्या न्यायालयाने निकाल दिला की आपल्या राज्याचा कायदा चुकवण्यासाठी बाहेर जाऊन केलेला हा कागद रद्दबातल आहे. परिणाम काय झाला? ज्या मुलाला बापाची मालमत्ता मिळायची होती, तो मुलगा आणि त्याची आई हेच त्या मालमत्तेचा भाग ठरले आणि नातेवाइकांच्या वाट्याला गेले.

या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. कोर्टात दोन पक्ष आहेत, दोघेही मालकीचा दावा सांगणारे. माणूस हा वादी नाही, प्रतिवादी नाही, साक्षीदारही नाही. तो मुद्देमाल आहे. आणि न्यायाधीश राक्षस नव्हते. ते शिकलेले, कायद्याचा काटेकोर अर्थ लावणारे लोक होते. अन्याय शांतपणे, रीतसर, पुरावे तपासून होत होता. म्हणूनच तो इतकी वर्षे पचला.

गुलाम जेव्हा स्वतः वादी झाला

पण चित्र एवढेच नाही. गुलामीत असलेल्या माणसांनी हाच कायदा उलटा वापरण्याचे प्रयत्न केले. 'मी यांची मालमत्ता नाही' असा दावा त्यांनी स्वतः दाखल केला. यांना स्वातंत्र्याचे दावे म्हणतात. एकट्या सेंट लुइसच्या कोर्टात गृहयुद्धापूर्वीच्या साधारण पन्नास वर्षांत असे तीनशेहून अधिक दावे झाले. त्यांचे मूळ कागद आज जतन केलेले आहेत आणि त्या लढवय्यांचे स्मारक २०२२ मध्ये त्या शहरातल्या न्यायालयाबाहेर उभे राहिले.

या दाव्यांना आधार काय होता? मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२४ मध्ये विनी नावाच्या स्त्रीच्या खटल्यात मान्य केले होते की मालकाने गुलामाला गुलामीबंदी असलेल्या प्रदेशात नेऊन वसवले, तर तो मुक्त होतो आणि मिसूरीत परत आल्याने ती मुक्ती जात नाही. दुसरा आधार होता आईचा. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये कायदा केला होता की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. गोऱ्या मालकापासून काळ्या स्त्रीला झालेले मूल गुलामच राहावे, म्हणजे मालकाची संपत्ती वाढावी, यासाठी केलेला हा नियम. पण त्याची दुसरी बाजू अशी की आई स्वतंत्र असल्याचे सिद्ध झाले तर मूलही स्वतंत्र.

पॉली नावाच्या स्त्रीने नेमके हेच हेरले. तिला पूर्वी इलिनॉय या गुलामीबंदी असलेल्या राज्यात नेले होते. तिने १८३९ मध्ये स्वतःसाठी दावा केला आणि पुढे मुलगी लुसीसाठीही केला. दावा चालू असताना लुसीला सुमारे सतरा महिने तुरुंगात ठेवले होते. गुन्हा काहीच नाही. वादग्रस्त माल सुरक्षित राहावा म्हणून! १८४३ मध्ये पॉली जिंकली, १८४४ मध्ये लुसी जिंकली. लुसी डिलेनी या नावाने तिने पुढे आत्मकथन लिहिले. शिक्षणाचा हक्क नाकारलेल्या, पैसा नसलेल्या आईने कायद्यातली फट ओळखून मुलीला सोडवले, ही घटना आमच्या मते कोणत्याही मोठ्या नेत्याच्या भाषणापेक्षा कमी नाही. कोर्टात लुसीची बाजू मांडणारे वकील होते एडवर्ड बेट्स. हे नाव लक्षात ठेवा.

सर्वांत गाजलेला दावा ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट या पतिपत्नीचा. त्यांना लष्करी डॉक्टर जॉन इमर्सन यांनी गुलामीबंदी असलेल्या भागांत वर्षानुवर्षे ठेवले होते. १८४६ मध्ये दोघांनी सेंट लुइसला दावे दाखल केले. १८४७ मध्ये पहिला निकाल विरोधात गेला, आणि त्याचे कारण वाचून आपण थक्क होतो. डॉक्टरांची विधवा आयरीन इमर्सन हीच त्यांची मालकीण आहे, हे साक्षीदाराला स्वतःच्या माहितीवरून सांगता आले नाही. मालकी सिद्ध झाली नाही, म्हणून दावा पडला, आणि दावा पडला म्हणून ते तिच्या मालकीत राहिले!

१८५० मध्ये फेरसुनावणीत ते जिंकले. १८५२ मध्ये मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयाने आपलाच जुना पायंडा मोडून तो निकाल फिरवला. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ मार्च १८५७ रोजी सरन्यायाधीश रॉजर टेनी यांनी सात विरुद्ध दोन अशा बहुमताचा निकाल वाचला : आफ्रिकी वंशाचा माणूस, गुलाम असो वा स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, म्हणून त्याला या कोर्टात येण्याचाच अधिकार नाही. शिवाय गुलाम ही मालमत्ता असल्याने नव्या प्रदेशांत गुलामीला बंदी घालणे म्हणजे मालकाचा मालमत्तेचा हक्क हिरावणे. म्हणजे ज्या घटनेने नागरिकांना मूलभूत संरक्षण दिले, तेच संरक्षण मालकाच्या बाजूने आणि माणसाच्या विरोधात वापरले गेले. या निकालाने गृहयुद्ध जवळ आणले. स्कॉट कुटुंबाला त्याच वर्षी मे महिन्यात नव्या मालकाने मुक्त केले. ड्रेड स्कॉट पुढे दीड वर्षही जगले नाहीत.

गुलामी गेली, हप्ता राहिला

१८६५ मध्ये १३ व्या घटनादुरुस्तीने गुलामी संपवली. पण हिशेब कोणाचा झाला? एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनपुरती गुलामी आधीच बंद करण्यात आली होती. त्या कायद्यात भरपाईची तरतूद होती, प्रत्येक माणसामागे ३०० डॉलरपर्यंत. ती भरपाई मालकांना होती. ज्यांनी आयुष्यभर फुकट राबून दिले त्यांना भरपाई नव्हती. देश सोडून जायला तयार असतील तर तेवढे काही पैसे देऊ केले होते.

त्याहून बोलका खटला अर्कान्सासचा. मार्च १८६१ मध्ये अल्बर्ट नावाचा माणूस १,३०० डॉलरला विकला गेला आणि घेणाऱ्याने वचनचिठ्ठी लिहून दिली. युद्ध झाले, गुलामी गेली, अल्बर्ट मुक्त झाला. घेणारा म्हणाला, आता मी पैसे का देऊ? प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. घटनादुरुस्तीला सहा वर्षे उलटून गेल्यावर न्यायालयाने सांगितले की करार झाला तेव्हा तो कायदेशीर होता, म्हणून पैसे द्यावे लागतील. गुलामी रद्द झाली, पण गुलामाच्या किमतीची वसुली रद्द झाली नाही. सरन्यायाधीश चेस यांनी या मताशी असहमती नोंदवली, पण ते अल्पमतात होते.

१८६८ च्या १४ व्या घटनादुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेला प्रत्येक माणूस नागरिक आहे, असे सांगून टेनी यांचा निकाल पुसला. आणि त्याच दुरुस्तीच्या चौथ्या कलमात गुलाम गमावल्याबद्दल सरकारकडे कोणीही भरपाई मागू शकणार नाही, असे लिहिले. हे लिहावे लागले, यातच सगळे आले. लुसीचे वकील एडवर्ड बेट्स तोपर्यंत लिंकन यांचे महान्यायवादी होऊन गेले होते आणि १८६२ मध्येच त्यांनी लेखी मत दिले होते की अमेरिकेत जन्मलेले स्वतंत्र कृष्णवर्णीय लोक नागरिक आहेत. सेंट लुइसच्या एका आईच्या दाव्यात उभा राहिलेला वकील देशाच्या नागरिकत्वाच्या व्याख्येपर्यंत पोचला होता.

जुने निकाल आजही जिवंत

आता वर्तमानाकडे येऊ. कायद्यात जुने निकाल मरत नाहीत. अमेरिकेत विधीचे प्राध्यापक जस्टिन सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रकल्प हाती घेतला. गुलामांच्या खरेदी-विक्रीवरून झालेले निकाल आजचे वकील आणि न्यायाधीश कुठे कुठे आधार म्हणून देतात, ते त्यांनी शोधले. असे हजारो दाखले निघाले. सदोष मालाची हमी, करारभंग, भाडेतत्त्वावरील वस्तूची जबाबदारी, मृत्युपत्राचा अर्थ अशा साध्या मुद्द्यांवर गुलामीतले खटले आजही उद्धृत होतात. अनेकदा त्या निकालातली 'वस्तू' म्हणजे माणूस होता, याचा उल्लेखही नसतो. यावर चर्चा झाल्यानंतर अमेरिकेतील कायदेविषयक संदर्भ देण्याच्या प्रमुख नियमपुस्तिकेने नवा नियम केला : असा निकाल उद्धृत करताना त्यात गुलामीत असलेली व्यक्ती होती, हे नमूद करावे. उत्तर कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये थॉमस रफिन यांचे मोठे तैलचित्र न्यायदालनातून हटवण्याचा निर्णय घेतला. लिडियाच्या खटल्यानंतर १९० वर्षांनी!

दुसरा मुद्दा आपल्या ओळखीच्या घरांपर्यंत येतो. २० जानेवारी २०२५ रोजी, पदग्रहणाच्या दिवशीच, अध्यक्ष ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्व मर्यादित करणारा आदेश काढला. आई बेकायदा राहत असेल किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा कायम रहिवासी नसतील, तर बाळ नागरिक नाही, असे तो आदेश सांगतो. कनिष्ठ न्यायालयांनी तो रोखला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोकरीच्या व्हिसावर गेलेली मराठी कुटुंबे, त्यात आपली आंबेडकरी मुलेमुलीही आली, या आदेशाच्या कक्षेत येतात. त्यांच्या बाळांच्या नागरिकत्वाचा आधार असलेले वाक्य घटनेत आले ते ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट यांच्या पराभवामुळे. गंमत म्हणजे त्या आदेशातही ड्रेड स्कॉट निकालाला लज्जास्पद म्हटले आहे. निकालाचा निषेध करायचा आणि त्यातून मिळालेले संरक्षण कमी करायचे, ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालून संविधानाला हात घालणारे आपणही पाहतो.

फुले, बाबासाहेब आणि हा प्रश्न

या विषयाशी आपला संबंध कालपरवाचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जन लोकांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रो समाजाने केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले.

बाबासाहेबांनी गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना एक थंड डोक्याचा मुद्दा मांडला. गुलाम ही मालमत्ता असल्यामुळे मालक त्याच्या जिवाची काळजी घेतो, कारण त्याच्या मरण्याने मालकाचे नुकसान होते. अस्पृश्य मेला तर कोणाच्याही वहीत तोटा लिहिला जात नाही. शिवाय मालकाला वाटले तर तो गुलामाला मुक्त करू शकतो. अस्पृश्यतेतून कोणी कोणाला मुक्त करू शकत नव्हते. जॉर्जियातल्या बुडालेल्या माणसाचा खटला वाचला की हा मुद्दा लख्ख कळतो. तिथे निदान किंमत कोणी द्यायची यावर तरी कोर्ट बसले. मात्र या तुलनेचा अर्थ 'कोणाचे दुःख मोठे' असा काढू नये. बाबासाहेबांचा रोख व्यवस्था कशी चालते यावर होता. एका ठिकाणी माणसाला मालमत्ता करून त्याचे माणूसपण नाकारले, दुसऱ्या ठिकाणी त्याला मालमत्तेइतकेही मोल दिले नाही. म्हणूनच भारतीय संविधानात कलम १७ ने अस्पृश्यता संपवणे आणि कलम २३ ने माणसांचा व्यापार व वेठबिगारी यांना मनाई करणे, या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी हव्या होत्या. आणि कलम १३ ने मूलभूत हक्कांच्या विरोधात जाणारे जुने कायदे तेवढ्यापुरते निरर्थक ठरवले. अल्बर्टच्या किमतीसारखी जुनी थकबाकी नव्या युगात चालू राहू नये, यासाठी लागणारे हे शहाणपण आहे.

तथागतांनी अंगुत्तर निकायातल्या वणिज्जा सुत्तात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले. त्यात 'सत्तवणिज्जा', म्हणजे सजीवांचा व्यापार, आहे. परंपरेने त्याचा अर्थ माणसांची विक्री असा लावला आहे. इथे चांगला मालक आणि वाईट मालक असा फरक केलेला नाही. व्यवहारच चुकीचा आहे. अमेरिकेतली कोर्टे नेमके इथेच अडकली. व्यवहार प्रामाणिक होता का, हे त्यांनी बारकाईने तपासले. व्यवहार मुळात होऊ शकतो का, हे विचारलेच नाही.

आपण काय घ्यायचे

पहिली गोष्ट, फक्त मोठे निकाल वाचून भागत नाही. ड्रेड स्कॉट सगळ्यांना माहीत असतो, लिडिया आणि जॉन मन्रो कोणाला माहीत नसतात. अन्याय सर्वोच्च न्यायालयात जितका होतो, त्याहून जास्त तालुक्याच्या कोर्टात, साध्या कागदावर होतो. आम्ही समाजकार्याच्या क्षेत्रात काम करताना हे रोज पाहतो. करार, पावती, पंचनामा, जबाब यांत ज्याचे आयुष्य आहे त्याचे नाव कुठे आहे, तो पक्षकार आहे की नुसता विषय, हा पहिला प्रश्न विचारायला शिका.

दुसरी, विधी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी जुने निकाल उद्धृत करताना त्यामागची माणसे शोधावीत. आपल्याकडेही जातीवरून, वतनावरून, मंदिर आणि पाणवठ्यावरून झालेल्या जुन्या खटल्यांचे कागद आहेत. सेंट लुइसच्या लोकांनी तीनशे दाव्यांचे कागद जतन केले आणि त्यावर स्मारक उभे केले. आपल्या जिल्ह्यातल्या कोर्टाच्या दप्तरात काय आहे, हे कोणी पाहिले आहे?

तिसरी, पॉलीचा धडा. जो कायदा तिला गुलाम ठेवण्यासाठी केला होता, त्याच कायद्याचे दुसरे टोक पकडून तिने मुलीला बाहेर काढले. कायदा आपला नाही म्हणून तो सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही. आपल्याजवळ तर बाबासाहेबांनी दिलेले संविधान आहे, जे पॉलीजवळ नव्हते.

रेंटी आणि डेलिया यांची छायाचित्रे ते जिथे राबले त्या राज्यात द्यायचे २०२५ मध्ये ठरले. कोर्टाने त्यांच्या वंशजाला मालक मानले नाही. पण सहा वर्षे हार न मानता एका स्त्रीने जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठाला त्या छायाचित्रांवरचा ताबा सोडायला लावला. निकाल विरोधात गेला तरी लढाई जिंकता येते, हे आपल्या चळवळीतल्या प्रत्येक तरुणाने लक्षात ठेवावे.

नमो बुद्धाय, जय भीम!